होमी भाभा: आकाशातले कण शोधायला जमिनीखाली माणसं पाठवणारा शास्त्रज्ञ

महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर तळहात आडवा धरून उभे राहा. साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. वैश्विक किरण हवेवर आदळतात, त्यातून हे कण तयार होतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. होमी भाभांना मात्र या किरणांनी वेड लावलं.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि टाटांच्या पोलाद कारखान्यात यावं, ही घरच्यांची इच्छा. १९३० मध्ये ती परीक्षा ते पहिल्या वर्गात पास झाले आणि वळले फिजिक्सकडे! (इंजिनिअरिंग करून दुसरंच काही करायची परंपरा तशी जुनीच.) १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी एका कणातून कणांचा वर्षाव कसा होतो, याचं गणित मांडलं. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टीआयएफआर ही संस्था उभी केली.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बी. व्ही. श्रीकंठन यांना कोलारच्या सोन्याच्या खाणीत म्यूऑन मोजायला पाठवलं. जितकं खोल जावं, तितके म्यूऑन कमी होत गेले. पुढे सगळ्यात खोल जागी दोन महिने डिटेक्टर चालवला, तर आकडा आला शून्य! प्रयोग फसला म्हणायचा का? उलट, हीच खरी कमाई होती. न्यूट्रिनो शोधायला अशीच शांत जागा हवी होती. १९६५ मध्ये तिथेच, सुमारे २.३ किलोमीटर खोल, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही त्या दिसल्या. काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ ला, माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात भाभा गेले.

आज याचा काय संबंध? न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतो. हे तपासायचं तर सुरुवातीला कोणते, किती होते ते माहीत हवं. वाईला एसटीत किती चढले हे मोजलंच नाही, तर महाबळेश्वरला उतरणारे मोजून पाचगणीत किती उतरले ते कसं कळणार? वाईतली ती मोजणी म्हणजे निअर डिटेक्टर. अमेरिकेच्या ड्यून प्रयोगात तो उगमाजवळ असेल आणि दूरचा डिटेक्टर १,३०० किलोमीटरवर. त्या निअर डिटेक्टरच्या आराखड्यावर भारतीय संस्थांनीही काम केलं आहे.

कोलारनं शिकवलेला धडा तोच आहे: मोजायला बसण्याआधी, आपल्याकडे आधीपासून काय आहे ते नीट मोजा. ॲपमधला बग शोधतानासुद्धा मला तो रोज उपयोगी पडतो.