रेड ग्रेंज

हॅरोल्ड एडवर्ड ग्रेंज ऊर्फ रेड ग्रेंज (१३ जून, १९०३:फोर्क्सव्हिल, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - २८ जानेवारी, १९९१:लेक वेल्स, फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकन फुटबॉलपटू होते. इलिनॉय विद्यापीठाच्या संघातून खेळताना त्यांना देशव्यापी कीर्ती मिळाली. नोव्हेंबर १९२५ मध्ये विद्यापीठातील शेवटचा सामना संपताच त्यांनी शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाशी करार केला आणि पुढच्या काही दिवसांतच स्वतःचे नाव व छायाचित्र जाहिरातींसाठी विकले. महाविद्यालयीन खेळाडूच्या नावावर मालकी कोणाची आणि ते विकण्याचे नियम कोणी ठरवायचे, हा अमेरिकेत आजही न मिटलेला वाद त्यांच्या प्रकरणामुळे प्रथमच सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

या लेखातील फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल होय. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीतील शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यास टचडाउन होतो. भारतात फुटबॉल या नावाने खेळला जाणारा खेळ वेगळा आहे.

बालपण

ग्रेंज यांचे वडील लायल हे लाकूडतोडीच्या तळांवर मुकादम होते. ग्रेंज पाच वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर वडील मुलांना घेऊन शिकागोजवळच्या व्हीटन या गावी नातेवाइकांकडे आले आणि पुढे तेथील पोलीस दलात नोकरीला लागले. घरची परिस्थिती बेताची होती. केसांच्या तांबूस रंगामुळे हॅरोल्डला रेड हे नाव पडले. शाळेत त्यांनी चार खेळांत मिळून १६ वेळा शाळेचे मानचिन्ह मिळवले.

उन्हाळ्याच्या सुटीत ते घरोघरी बर्फाच्या लाद्या पोहोचवत. या कामाचे त्यांना आठवड्याला ३७.५० डॉलर मिळत. एकदा बर्फाच्या गाडीखाली सापडून त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली होती. तरीही विद्यापीठात गेल्यावरही त्यांनी सुटीतले हे काम चालू ठेवले. खांद्यावर बर्फाची लादी घेतलेले त्यांचे छायाचित्र पुढे देशभरातील वृत्तपत्रांत झळकले आणि व्हीटनचा बर्फवाला हे त्यांचे दुसरे नाव झाले. लादी उचलण्याची मजुरी घेणे हौशी खेळाच्या नियमांत बसत होते. त्या छायाचित्राचे पैसे घेतले असते, तर मात्र त्यांना संघातून काढून टाकण्यात आले असते.

इलिनॉय विद्यापीठ

१९२२ च्या शरद ऋतूत ग्रेंज यांनी इलिनॉय विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हे विद्यापीठ एका प्रकरणाने हादरले होते. १९२१ मध्ये कार्लिनव्हिल आणि टेलरव्हिल या इलिनॉयमधील दोन गावांच्या सामन्यात इलिनॉय व नोत्र दाम या विद्यापीठांचे खेळाडू गुपचूप खेळले होते. ही गोष्ट उघडकीस आल्यावर इलिनॉयच्या नऊ खेळाडूंना अपात्र ठरवण्यात आले. त्याच सुमारास ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघालाही महाविद्यालयीन खेळाडूंना खोट्या नावांनी खेळवल्याबद्दल लीगबाहेर काढण्यात आले होते. थोडक्यात, विद्यार्थी खेळाडूंनी पैशासाठी खेळणे ही काही नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते उघडपणे आणि स्वतःच्या नावाने खेळणे.

तेव्हाच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे ग्रेंज १९२३ ते १९२५ असे तीन हंगाम खेळले. प्रशिक्षक बॉब झुप्के यांनी त्यांना ७७ क्रमांकाचा गणवेश दिला. नेब्रास्काविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी तीन टचडाउन केले. १९२३ च्या हंगामात इलिनॉयचा संघ अपराजित राहिला.

१८ ऑक्टोबर, १९२४ रोजी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध झालेला सामना त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला सामना होय. विद्यार्थी व माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभारलेल्या मेमोरियल स्टेडियमचे त्या दिवशी विधिवत लोकार्पण होते आणि सुमारे ६७,००० प्रेक्षक जमले होते. सामन्याचा पहिलाच चेंडू झेलून ग्रेंज ९५ यार्ड धावत गेले. पाठोपाठ त्यांनी ६७, ५६ आणि ४४ यार्डांच्या धावांवर आणखी तीन टचडाउन केले. हे चारही टचडाउन पहिल्या सुमारे १२ मिनिटांत झाले. नंतर त्यांनी पाचवा टचडाउन केला, तर सहावा त्यांनी फेकलेल्या चेंडूवर झाला. इलिनॉयने हा सामना ३९-१४ असा जिंकला. पकडू पाहणाऱ्यांच्या हातून निसटण्याच्या शैलीमुळे क्रीडापत्रकारांनी त्यांना चौखूर धावणारे भूत अशा अर्थाचे टोपणनाव दिले. ३१ ऑक्टोबर, १९२५ रोजी फिलाडेल्फियाच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध त्यांनी तीन टचडाउन केले. तोपर्यंत मध्य-पश्चिमेतील फुटबॉलकडे काहीशा तुच्छतेने पाहणाऱ्या पूर्वेकडील वृत्तपत्रांनीही त्यानंतर त्यांना मानले. त्याच महिन्याच्या प्रारंभी टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले होते.

ग्रेंज खेळत असलेल्या सामन्यांना स्टेडियम भरत असे. तिकिटांचे उत्पन्न विद्यापीठाकडे जाई, वृत्तपत्रांचा खप वाढे आणि ज्या गावी सामना असेल तेथील हॉटेलांची चलती होई. नियमानुसार या साखळीत वाटा नसलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः ग्रेंज.

पाईल यांच्याशी भेट आणि करार

शॅम्पेन गावातील चित्रपटगृहांचे चालक सी. सी. पाईल यांनी १९२५ च्या हंगामात ग्रेंज यांना गाठले आणि एक लाख डॉलर मिळवून देण्याची तयारी दाखवली. पाईल यांच्या आद्याक्षरांचा विस्तार लोक गमतीने रोख द्या, माल न्या असा करत. खेळाडूच्या वतीने व्यवहार करणारा प्रतिनिधी हा व्यवसाय अमेरिकेत त्यांच्यापासून सुरू झाला असे मानले जाते. त्या हंगामात बोलणी तोंडीच झाली आणि सही शेवटच्या सामन्यानंतर केली, असे ग्रेंज यांनी नंतर नेहमी सांगितले. सगळा प्रश्न या एका तारखेवर अवलंबून होता. सही आधी झाल्याचे सिद्ध झाले असते, तर ते तत्क्षणी अपात्र ठरले असते. त्यामुळे हंगामाच्या अखेरच्या दिवसांत वार्ताहरांनी त्यांचा पिच्छा पुरवला.

२१ नोव्हेंबर, १९२५ रोजी कोलंबस येथे सुमारे ८५,००० प्रेक्षकांसमोर ओहायो स्टेटविरुद्धचा सामना इलिनॉयने १४-९ असा जिंकला. सामना संपताच ग्रेंज यांनी आपण विद्यापीठ सोडून व्यावसायिक खेळाकडे जात असल्याचे जाहीर केले. झुप्के यांनी त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. खेळ शिकवण्याचा पगार प्रशिक्षक घेतात, मग खेळण्याचे पैसे घेण्यात गैर काय, असा ग्रेंज यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर काही काळ दोघांत अबोला राहिला. झुप्के यांचा विरोध केवळ हटवादी म्हणता येणार नाही. व्यावसायिक फुटबॉल तेव्हा अस्थिर होता, त्याला प्रतिष्ठा नव्हती आणि ग्रेंज यांचे पदवीचे शिक्षण काही महिन्यांवर आले होते. ते शिक्षण त्यांनी पुढे कधीच पूर्ण केले नाही.

दुसऱ्याच दिवशी ग्रेंज शिकागो बेअर्सच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेले दिसले. २६ नोव्हेंबर रोजी शिकागो कार्डिनल्सविरुद्धच्या त्यांच्या पहिल्या सामन्याला सुमारे ३६,००० प्रेक्षक आले. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. त्यानंतर बेअर्सने देशभर दौरा काढला आणि ६७ दिवसांत १९ सामने खेळले. त्यांतील पहिले दहा सामने अवघ्या १८ दिवसांत झाले. न्यू यॉर्कमधील सामन्याला सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. या एका दिवसाच्या उत्पन्नाने टिम मारा यांचा न्यू यॉर्क जायंट्स हा कर्जात बुडत चाललेला संघ वाचला. दौऱ्याची किंमत ग्रेंज यांच्या शरीराने मोजली. पिट्सबर्गमध्ये हाताला दुखापत झाल्याने ते डेट्रॉइटला खेळू शकले नाहीत, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी तिकिटांचे पैसे परत मागितले.

न्यू यॉर्कमध्येच पाईल यांनी जाहिरातदारांशी करार केले. ग्रेंज यांचे नाव स्वेटर, बूट, टोप्या, बाहुल्या आणि शीतपेयांवर आले. चित्रपटाचा करार झाल्याचे सांगून पाईल यांनी वार्ताहरांना तीन लाख डॉलरचा धनादेशही दाखवला. तो केवळ प्रसिद्धीसाठी होता. चित्रपट मात्र खरोखरच निघाला. १९२६ मध्ये 'वन मिनिट टू प्ले' आणि १९२७ मध्ये 'रेसिंग रोमिओ' यांत ग्रेंज यांनी भूमिका केल्या, तर १९३१ मध्ये त्यांच्या टोपणनावाचीच एक चित्रपटमालिका प्रदर्शित झाली. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांच्याशी त्यांची बेअर्सचे खेळाडू म्हणून ओळख करून देण्यात आली, तेव्हा बेअर्स म्हणजे अस्वले असे समजून कूलिज यांनी आपल्याला प्राण्यांचे खेळ आवडत असल्याचे सांगितले, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

ग्रेंज नियम

विद्यापीठांच्या संघटनांकडून या प्रकरणावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. अपात्रतेची शिक्षा हे त्यांचे एकमेव हत्यार होते आणि विद्यापीठ सोडून गेलेल्या खेळाडूवर ते चालत नव्हते. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनसीएए, १९०६ पासून अस्तित्वात होती, परंतु तेव्हा तिच्याकडे अंमलबजावणीचे फारसे अधिकार नव्हते. त्यामुळे मार्ग काढला तो व्यावसायिक लीगने. १९२६ च्या प्रारंभी नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, खेळाडूच्या वर्गाचे पदवीदान होईपर्यंत त्याला कोणत्याही संघाने घेऊ नये असा नियम केला. हा नियम ग्रेंज नियम म्हणून ओळखला जातो. ज्या लीगला ग्रेंज यांच्यामुळे प्रेक्षक मिळाले, तिनेच दुसरा ग्रेंज होऊ न देण्याची हमी विद्यापीठांना दिली. नियम ठरवताना खेळाडूंना कोणी विचारले नाही. या नियमाचा बदललेला अवतार आजही लागू आहे. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज खेळाडूला एनएफएलमध्ये प्रवेश मिळत नाही.

पुढे १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने अनेक महाविद्यालये खेळाडूंना छुप्या मार्गाने आर्थिक मदत करत असल्याचे दाखवून दिले.

पुढील कारकीर्द

१९२६ मध्ये पाईल यांनी बेअर्सच्या मालकीत एकतृतीयांश वाटा मागितला. बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांनी तो नाकारल्यावर पाईल यांनी अमेरिकन फुटबॉल लीग ही नवी लीग काढली आणि ग्रेंज तिच्यातील न्यू यॉर्क यांकीज संघातून खेळले. ही लीग एका हंगामात बंद पडली. यांकीज संघ एनएफएलमध्ये दाखल झाला, पण १९२७ मध्ये बेअर्सविरुद्धच्याच सामन्यात ग्रेंज यांचा गुडघा जायबंदी झाला. १९२८ चा हंगाम वाया गेला आणि पूर्वीचा वेग पुन्हा आला नाही. १९२९ ते १९३४ या काळात ते बेअर्समध्ये परतले आणि बचावातील भरवशाचे खेळाडू बनले. १९३२ मध्ये शिकागोत छताखाली झालेल्या निर्णायक सामन्यात ब्रॉन्को नागर्स्की यांनी फेकलेला चेंडू झेलून त्यांनी टचडाउन केला. १९३३ च्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याला पकडून त्यांनी बेअर्सचा २३-२१ असा विजय राखला.

निवृत्तीनंतर त्यांनी विमा व्यवसाय केला आणि नभोवाणी व दूरचित्रवाणीवर सामन्यांचे समालोचन केले. १९४१ मध्ये मार्गारेट हेझलबर्ग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५१ ते १९५५ या काळात ते इलिनॉय विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे निर्वाचित सदस्य होते. पैशासाठी विद्यापीठ सोडल्याबद्दल ज्यांच्यावर टीका झाली होती, त्यांनाच मतदारांनी त्या विद्यापीठाच्या कारभारात बसवले. १९५१ मध्ये महाविद्यालयीन आणि १९६३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. व्यावसायिक दालनातील ते पहिल्या तुकडीचे सदस्य होत.

निधनानंतर

ग्रेंज यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी, १ जुलै, २०२१ रोजी, एनसीएएने विद्यार्थी खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र व ओळख यांच्या वापराचे पैसे घेण्याची मुभा दिली. त्यामागे दोन कारणे होती. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला होता आणि त्याचे अनुकरण इतर राज्यांनी सुरू केले होते. इलिनॉय त्यांपैकीच एक होते. शिवाय जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला होता. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, जाहिरातींबद्दल नव्हता. परंतु एनसीएए स्पर्धाविरोधी कायद्याच्या वर नाही, हे त्याने स्पष्ट केले. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. ६०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेचे बाहेरचे करार तपासण्यासाठी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी संस्था स्थापन झाली. तपासणीचा अधिकार या संस्थेचा, राज्यांचा की संघराज्याच्या संसदेचा, यावरील वाद चालूच आहे.

ग्रेंज यांचा ७७ क्रमांक इलिनॉय विद्यापीठाने कायमचा निवृत्त केला आहे. २००९ मध्ये मेमोरियल स्टेडियमबाहेर त्यांचा कांस्य पुतळा बसवण्यात आला. आतील मैदानाला १९६६ पासून झुप्के यांचे नाव आहे.