अश्वपारखी झेनोफन

शिंगरूं उंच झालें, मोकळ्या रानांत दौडूं लागलें, म्हणजे आतां त्याच्यावर खोगीर घालावें असें धन्याच्या मनांत येतें. परंतु त्याचें शरीर व त्याचें मन स्वाराचा भार घेण्यास सिद्ध झालें आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. घाई झाली तर उमदें जनावर जन्माचें लंगडें किंवा बुजरें होतें, आणि प्रसंगीं स्वाराच्या जिवावर बेततें. या गोष्टीचा सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं ज्यानें शांत चित्तानें विचार करून ठेवला, त्या झेनोफन नांवाच्या ग्रीक गृहस्थाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही जाणण्याजोगें आहे.

झेनोफनचा जन्म इ. स. पूर्वीं ४३० च्या सुमारास अथेन्स येथें झाला. तरुणपणीं त्याला सॉक्रेटिसाचा सहवास लाभला. इ. स. पूर्वीं ४०१ मध्यें धाकटा सायरस हा आपल्या भावापासून इराणचें राज्य घेण्यास निघाला, तेव्हां त्याच्या भाडोत्री ग्रीक सैन्याबरोबर झेनोफनही गेला. बाबिलोनजवळ कुनाक्साच्या लढाईंत सायरस पडला. पुढें शत्रूनें ग्रीक सेनापतींस बोलण्यास बोलावून कपटानें पकडलें व ठार केलें. परक्या मुलखांत सुमारें दहा हजार शिपाई निर्नायक झाले. त्यांनीं जे नवे नायक निवडले, त्यांत झेनोफन एक होता.

ग्रीकांजवळ घोडदळ नव्हतें; शत्रूचे स्वार दुरून बाण मारीत आणि हातीं न लागतां निघून जात. तेव्हां झेनोफनच्या सूचनेवरून सामानाचे घोडे वगैरे तपासून सुमारें ५० स्वारांचें पथक उभें करण्यांत आलें. पुढें एका टेकडीवर शत्रूच्या आधीं पोंचावयाचें होतें. झेनोफन घोड्यावरून सर्वांस धीर देत असतां एका शिपायानें कुरकुर केली कीं, आपण घोड्यावर आहां, मी मात्र ढालीच्या ओझ्यानें थकलों आहें. झेनोफन तत्काळ खालीं उतरला, त्याची ढाल आपण घेतली, आणि अंगांत स्वाराचें जड चिलखत असतांही पायीं चढूं लागला. भार वाहणाऱ्यावर काय गुदरतें, हें त्यानें असें स्वतः अनुभवलें.

इ. स. पूर्वीं ४०० मध्यें सैन्य काळ्या समुद्राच्या कांठीं पोंचलें. मोहिमेच्या अखेरीस झेनोफन इतका निर्धन झाला कीं, आपला घोडा त्यानें ५० सोन्याच्या नाण्यांस विकला. तो त्याला किती प्रिय होता हें ऐकून दोघां स्नेह्यांनीं तो सोडवून आणला, आणि किंमत घेण्याचें साफ नाकारलें.

पुढें अथेन्सनें त्याला हद्दपार केलें. स्पार्टाच्या लोकांनीं ऑलिंपियाजवळ सिल्लस येथें दिलेल्या जमिनीवर तो बरींच वर्षें राहिला. त्याच्या अनेक ग्रंथांत घोडेस्वारीवरील एक लहानसा ग्रंथ आहे. तो त्यानें आपल्या तरुण मित्रांसाठीं लिहिला.

त्यांत तो सांगतो कीं, शिंगराचा स्वभाव घेतेवेळीं कळत नाहीं, म्हणून शरीर पाहावें, आणि सर्वांच्या आधीं पाय पाहावे. पाया कच्चा असला तर वरची माडी सुंदर असून काय उपयोग? त्या काळीं नाल ठोकण्याची रीत नव्हती, म्हणून खुरास तर तो फारच महत्त्व देतो. खूर जाड व खालून पोकळ असावा; असा खूर जमिनीवर पडतांच झांजेसारखा वाजतो.

शरीर पसंत पडलें तरी लगेच स्वार बसवावयाचा नाहीं. भूक, तहान व माशांचा त्रास शिंगरास एकटेपणीं व्हावा, आणि दाणापाणी व आराम माणसाकडून मिळावा; म्हणजे तें माणसाची वाट पाहूं लागतें. मोतद्दारानें त्याला गर्दींतून व गोंगाटांतून न्यावें. कशाला बुजलें तर मारूं नये, हळूहळू समजूत पटवावी. मारलें तर भीतीच्या जोडीस वेदना येते, आणि ती त्या वस्तूनेंच दिली असें जनावर समजतें. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, हा तर त्याचा मुख्य उपदेश आहे. इतकें घरीं झाल्यावरच शिंगरूं चाबूकस्वाराच्या हवालीं करावें. आणि मुलास एखादी कला शिकण्यास पाठवितांना जसें करतात, तसें परत येतांना त्याला काय काय आलें पाहिजे, तें आधीं लिहून ठेवावें.

अमुक वर्षांचें झालें म्हणजे बसावें, असा आंकडा मात्र त्यानें दिलेला नाहीं. तो आज पशुवैद्य देतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाडाचें टोंक पक्कें होण्यास सुमारें अडीच वर्षें लागतात. पाठीचे मणके पुरते वाढण्यास पांच वर्षें किंवा अधिकही लागतात. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुमारास हलक्या स्वारानें थोडा वेळ बसावें, आणि पुढें भार व श्रम बेताबेतानें वाढवावे, अशी पुष्कळांची रीत आहे. परंतु वय भरलें, हाडें पक्कीं झालीं, आणि जनावर हात लागतांच अंग चोरूं लागलें, तर तें तयार झालें असें झेनोफन म्हणणार नाहीं.

ज्या घरांतील मुलगे घोड्यावर बसून रणांत जात, त्या घरांत हा विषय केवळ शौकाचा नव्हता. झेनोफनचा पुत्र ग्रिलस हा अथेन्सच्या घोडदळांतून लढतांना इ. स. पूर्वीं ३६२ मध्यें मँटिनियाजवळ पडला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं, ३५४ च्या सुमारास, झेनोफनही वारला.

मुलास वरच्या वर्गांत घालण्याची किंवा लवकर उद्योगास लावण्याची घाई पुष्कळ पालकांस असते, आणि मुलांसही मोठें होण्याची घाई असते. शिंगराची उंची पाहून खोगीर उचलणाऱ्या धन्यास झेनोफननें जें आधीं तपासावयास सांगितलें, तें अशा वेळीं आठवावें: पाय भक्कम आहेत काय, भीति गेली आहे काय, आणि शिकविणाऱ्यावर विश्वास बसला आहे काय? या तीन गोष्टी असल्या म्हणजे भार जड वाटत नाहीं.