व्हीटीच्या दगडातली माकडं आणि स्टीव्हन्स साहेब

सुट्टी लागली की आपल्यापैकी निम्मं होस्टेल व्हीटीला उतरतं. पाठीवर सॅक, हातात बेडिंग, डोळे इंडिकेटरवर. मान वर करून बघणारा विरळाच! एकदा गाडी चुकली म्हणून मी बघितलं, तर दगडी कमानीच्या कोपऱ्यातून एक माकड खाली डोकावत होतं. पुढे मोर दिसला. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. हे सगळं ज्याच्या आराखड्यातून उभं राहिलं त्या माणसाची ही गोष्ट.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. जन्म १८४७, इंग्लंडमधल्या बाथ गावी. तिथल्याच एका आर्किटेक्टच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि १८६७ साली परीक्षा देऊन हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळवली. वय वर्षं वीस. म्हणजे आपण सेकंड इयरच्या सबमिशनसाठी रात्री जागवतो त्या वयात हा पठ्ठ्या बोटीत बसून निघाला होता! आधी काही काळ पुण्याला, मग मुंबईला बदली. तेव्हा किल्ल्याचा तट पाडून झाला होता आणि मोकळ्या जागेवर नवं शहर उभं राहत होतं. तरुण इंजिनिअरला याहून चांगली शाळा कुठली?

त्याचं पहिलं नावाजलेलं काम म्हणजे १८७६ साली पूर्ण झालेलं खलाशांचं वसतिगृह, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. राहणारे दर्यावर्दी, म्हणून दर्शनी त्रिकोणात समुद्राचा देव नेपच्यून कोरलेला. पुढे याच इमारतीत आपलं विधिमंडळ भरायचं आणि नंतर तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आलं.

या कामामुळे जीआयपी रेल्वेने १८७७ मध्ये सरकारकडून स्टीव्हन्सला मागून घेतलं. बोरीबंदरला नवं टर्मिनस आणि ऑफिस बांधायचं होतं. तिशी गाठलेल्या माणसाला एवढी मोठी जबाबदारी! तो युरोपात जाऊन तिथली स्टेशनं बघून आला आणि १८७८ ला काम सुरू झालं. ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली, खर्च सोळा लाखांच्या वर गेला. मध्येच, १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्टेशनला तिचं नाव दिलं गेलं.

सिव्हिलवाल्यांनी इथे जरा थांबावं. मधला उंच घुमट खालून सेंटरिंगचा आधार न देता बांधलाय. दगडी फासळ्या एकमेकींत खाचा करून बसवल्यात. कॅल्क्युलेटर नाही, सॉफ्टवेअर नाही! घुमटावर हातात मशाल आणि चाक घेतलेली बाई म्हणजे प्रगती. खालच्या त्रिकोणी भिंतींवरच्या पुतळ्यांत शेती, व्यापार आणि चक्क इंजिनिअरिंग आहे. आपल्या ब्रँचचा पुतळा आणि आपण त्याच्याखालून वडापाव खात जातो!

भिंतीबाहेर तोंड काढून बसलेले ते विचित्र प्राणी, गार्गॉइल, मुळात युरोपातल्या चर्चवरचे. त्यांचं खरं काम पन्हळीचं, म्हणजे छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायचं. मुंबईच्या पावसात भिंत कोरडी ठेवणं किती गरजेचं, ते आपल्याला सांगायला नको.

पण एक गोष्ट मला राहून राहून टोचते. दगडावरचं बरंचसं कोरीव काम मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलं. म्हणजे आपल्याच वयाची पोरं! साहेबाचं नाव पुस्तकांत राहिलं. त्याचे सहायक इंजिनिअर सीताराम खंडेराव यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि माकड कोणी कोरलं हे तर विचारायचीही सोय नाही. स्टेशनच्या भिंतीवर रेल्वेच्या डायरेक्टरांचे चेहरे मात्र गोलात कोरलेले आहेत. छिन्नी धरणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही.

स्टीव्हन्सने १८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. व्हीटीसमोरची महापालिकेची इमारत (१८९३) त्याचीच, चर्चगेटचं बीबीसीआय रेल्वेचं मुख्यालय (१८९९) त्याचंच. समोरासमोर स्वतःच्याच दोन इमारती, असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? पण ते फार दिवस भोगता आलं नाही. मार्च १९०० मध्ये मलेरियाने तो मुंबईतच गेला. वय अवघं बावन्न. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

स्टेशनचं नाव १९९६ मध्ये बदललं, २००४ ला युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं, २०१७ मध्ये नावात 'महाराज' आलं. माकडं मात्र आहेत तिथेच आहेत. पुढच्या सुट्टीत गाडीला दहा मिनिटं असतील तर मान वर करून बघा. आणि माकड दिसलं, तर ते कोरणाऱ्या त्या बिननावाच्या पोराला मनातल्या मनात एक सलाम ठोका.