फाटक आणि वालचंद

बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरलं की वालचंदनगर लागतं. ज्यांच्या नावाने ते वसलं, त्या वालचंद हिराचंद दोशींचं चरित्र मी सुट्टीत वाचलं. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे जरा सावकाशच!

जन्म 1882, सोलापूर. कॉलेजनंतर घरच्या सावकारी आणि कापसाच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटक भेटले, रेल्वेतले माजी क्लार्क. रेल्वेकामाची माहिती फाटकांना, भांडवलाचं बघणार वालचंद. बार्शी लाइट रेल्वेचं छोटं कंत्राट घेऊन भागीदारी सुरू झाली. फर्मच्या नावात फाटक आधी, वालचंद नंतर!

पुढे 1919 मध्ये सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले, तरी सिंदिया टिकली. 1930 च्या दशकात कळंबला साखर कारखाना आला, तेच वालचंदनगर. 1940 मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना. 1953 मध्ये ते गेले. वालचंदनगरच्या कंपनीने नंतर इस्रोच्या रॉकेटचेही भाग बनवले.

मॅनेजमेंटच्या पेपरसाठी आपण लीडरशिपची व्याख्या पाठ करतो. वालचंदांनी काय केलं? जे स्वतःला येत नव्हतं, ते येणाऱ्या माणसाला सरळ भागीदार केलं.

बारामतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे लेथवर एक काका वीस वर्षं काम करतायत. डिग्रीनंतर मी ते चालवायला घेतलं, तर कोटेशन त्यांना विचारूनच देईन आणि नफ्यात त्यांचा वाटा ठेवीन. पप्पांना हे अजून सांगायचंय.