सौदा नाकारणारा सेनापती

गुन्हा कबूल करावा आणि सौम्य शिक्षा पदरात पाडून घ्यावी, या व्यवहारास आपल्या फौजदारी कायद्यात २००६ पासून स्थान मिळाले. खटल्यांचे ओझे हलके व्हावे हा त्यामागील हेतू. परंतु कोणता आरोप ठेवावयाचा हे ज्या सरकार पक्षाच्या हाती, त्याच्याशी एकाकी आरोपीने केलेला सौदा बरोबरीचा असतो काय? या प्रश्नाच्या संदर्भात मुळशी मावळच्या सेनापती बापटांचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले आणि राजकीय भाषणापायी ती गमावून बसले. बाँबची विद्या घेऊन १९०८ साली ते स्वदेशी परतले. अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव उच्चारले आणि त्यांच्या कपाळी चार वर्षांचा अज्ञातवास आला. स्वतःच्या सुटकेसाठी माणूस सरकारास काय विकू शकतो, हे त्यांना तरुणपणीच उमगले.

लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या पहिल्या धरणांचा पाया १९११ मध्ये घातला गेला. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. त्यानंतर पाळी आली मुळशीची. सरकारने कायद्याच्या बळावर जमिनी कंपनीस मिळवून दिल्या. सावकारांनी मोबदल्यावर समाधान मानले. कसणाऱ्या मावळ्यांस ते शक्य नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्या बरोबरीने बापट त्यात उतरले आणि सेनापती ठरले. सत्याग्रही तुरुंगांत गेले. येरवड्यास नेमून दिलेले काम पुरे करण्याचे काहींनी नाकारले, तेव्हा त्यांना फटके खावे लागले. तरीही ते नमले नाहीत.

१९२४ च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामावरील आगगाडी सशस्त्र अडविली. हा मार्ग अनेकांस पटला नाही, आणि पटण्याजोगा नव्हताही. परंतु त्यांनी कृत्य झाकले नाही, की त्याच्या मोबदल्यात सवलत मागितली नाही. सात वर्षांची शिक्षा त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली. धरण झाले, गावे बुडाली. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी बापट निवर्तले.

सत्य म्हणून दिलेली कबुली आणि सुटकेची किंमत म्हणून दिलेली कबुली यांत महदंतर आहे. सौद्यासाठी अर्ज आरोपीनेच करावा आणि न्यायाधीशाने त्यास एकांतात विचारून स्वेच्छेची खात्री करून घ्यावी, असे कायदा सांगतो. ही तरतूद योग्यच आहे. मात्र जामिनास पैसा नाही आणि खटल्याची तारीख लागत नाही, म्हणून जो निरपराध कबुली देतो, त्याची स्वेच्छा कितपत खरी मानावी? सौदा नाकारण्याचे धैर्य बापटांपाशी होते. सामान्य आरोपीवर अशा धैर्याची सक्ती होऊ नये, यासाठी खटले वेळेवर चालविणे हे शासनाचे व न्यायसंस्थेचे आद्य कर्तव्य होय.