तांबूस बिअरमागचा माणूस : गाब्रिएल झेडलमायर

जर्मन धाटणीच्या तांबूस लागर बिअरचा पेला समोर आला की जाणकार तो प्रथम उजेडासमोर धरतात. रंग घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा आणि द्रव नितळ असावा, ही पहिली कसोटी. मग वास. त्यात भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाच्या कवचाची आठवण असावी. फळांचा किंवा धुराचा गंध आला की गुण कमी होतात. शेवटी चव. आरंभी माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाची भरदार गोडी लागावी, हॉप्सच्या कडवटपणाने ती तोलावी आणि घोट उतरल्यावर जीभ कोरडी व्हावी. गोडी चिकटून राहिली वा जळक्या साखरेची चव आली, तर ती बिअर वरच्या श्रेणीत बसत नाही. या बिअरला मेर्त्सेन म्हणतात. जव नीट भाजणे, आंबवण स्वच्छ राखणे आणि बिअर थंडीत मुरू देणे या तीन गोष्टी साधल्याशिवाय ती जमत नाही. तिन्ही गोष्टींचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, ते म्युनिकचे गाब्रिएल झेडलमायर.

त्यांचा जन्म 26 फेब्रुवारी 1811 रोजी म्युनिक येथे झाला. वडिलांचेही नाव गाब्रिएल. ते बव्हेरियाच्या राजदरबारचे बिअर-निर्माते होते आणि 1807 मध्ये त्यांनी श्पाटेन ही जुनी, पण त्या काळी अगदी लहान असलेली ब्रुअरी विकत घेतली होती. श्पाटेन म्हणजे फावडे. हेच फावडे पुढे त्या घराण्याचे बोधचिन्ह म्हणून जगभर पोहोचले.

त्या काळी बव्हेरियात बिअर बनवणे ऋतूच्या हाती होते. उन्हाळ्यात आंबवलेली बिअर हमखास नासे. म्हणून सोळाव्या शतकापासून 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास राजाज्ञेने मनाई होती. मार्चमध्ये थोडी अधिक कडक बिअर तयार करून ती बर्फ भरलेल्या तळघरांत ठेवली जाई आणि उन्हाळाभर पुरवली जाई. मेर्त्सेन हे नाव मार्च महिन्यावरूनच आले. मात्र ती जुनी बिअर बहुधा काळपट असे आणि प्रत्येक खेपेला निराळी उतरे. ती बिघडली की का बिघडली, हे कोणालाच सांगता येत नसे.

हे कोडे सोडवण्यासाठी 1833 मध्ये बावीस वर्षांचे झेडलमायर आपले मित्र आंटोन ड्रेहर यांच्यासह इंग्लंड-स्कॉटलंडला गेले. ड्रेहर हे व्हिएन्नाजवळच्या श्वेखाट येथील बिअर-निर्मात्याचे पुत्र. ब्रिटिश ब्रुअऱ्या तेव्हा यंत्रांत आणि मोजमापात पुष्कळ पुढे होत्या. काढ्यातील साखर मोजणारे उपकरण तेथे सर्रास वापरात होते. यजमान पाहुण्यांना कारखाना दाखवीत, पण आकडे सांगत नसत. तेव्हा या दोघांनी आत झडप बसवलेली पोकळ काठी करून घेतली. आंबवणाच्या हौदात ती नकळत बुडवायची आणि आत आलेला नमुना मुक्कामी नेऊन तपासायचा, असा त्यांचा क्रम होता. ही चोरी आहे याची जाणीव त्यांना होती; घरी पाठवलेल्या पत्रांत झेडलमायर यांनी ती लपवलेली नाही. विश्वासाने दार उघडणाऱ्या यजमानांशी केलेले हे वर्तन समर्थनीय मानता येणार नाही. पण चरित्रकाराला ते टाळताही येत नाही, कारण पुढचे सारे यश त्याच प्रवासातून उगवले.

1839 मध्ये वडील निवर्तले आणि गाब्रिएल व त्यांचे बंधू योझेफ यांच्याकडे श्पाटेनची सूत्रे आली. काही वर्षांतच योझेफ यांनी स्वतंत्र वाट धरली. ब्रिटनमध्ये जव धुरावर न भाजता गरम हवेवर वाळवण्याची रीत दोघा मित्रांनी पाहिली होती. तिच्या आधारे ड्रेहर यांनी 1841 मध्ये व्हिएन्नाची तांबूस लागर बाजारात आणली. त्याच वर्षी श्पाटेनने नव्या पद्धतीची, किंचित गडद मेर्त्सेन आणली. 1844 मध्ये झेडलमायर यांनी ब्रुअरीत वाफेचे इंजिन बसवले. पुढील दोन दशकांत श्पाटेन म्युनिकमधील सर्वांत मोठी ब्रुअरी झाली.

आता ज्ञान मागायला इतर लोक त्यांच्या दारी येऊ लागले. 1845 मध्ये कोपनहेगनचे याकोबसेन श्पाटेनमधून यीस्ट घेऊन निघाले. घोडागाडीच्या प्रत्येक थांब्यावर भांड्यांवर थंड पाणी ओतत त्यांनी ते घरापर्यंत जिवंत नेले. दोन वर्षांनी त्यांनी कार्ल्सबर्ग ब्रुअरी स्थापन केली. तिच्या प्रयोगशाळेत 1883 मध्ये एमिल हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले आणि याकोबसेन यांनी ते गुपित न ठेवता इतर ब्रुअऱ्यांना खुले केले. स्वच्छ आंबवणाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. ज्यांनी तरुणपणी काठीत लपवून ज्ञान आणले, त्यांच्याच घरून उघडपणे दिलेल्या यीस्टचे हे फळ होते.

उरला प्रश्न थंडीचा. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी कृत्रिम शीतकरणाचा सिद्धान्त मांडला, पण यंत्र उभारून पाहायला जागा आणि पैसा नव्हता. साठी ओलांडलेल्या झेडलमायर यांनी श्पाटेनमध्ये प्रयोगाला मुभा दिली. 1870च्या दशकात पहिले यंत्र तेथेच चालले. त्यात दोष निघाले. सुधारलेले यंत्र ड्रेहर घराण्याच्या ट्रिएस्ट येथील ब्रुअरीत बसले. 1879 मध्ये लिंडे यांनी कंपनी काढली, तेव्हाही झेडलमायर पाठीशी उभे राहिले. पुढे शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने याच वाटेने आले.

याच दरम्यान, 1872च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये, योझेफ यांच्या ब्रुअरीची व्हिएन्ना पद्धतीची तांबूस मेर्त्सेन चढ्या भावाने विकली गेली आणि लोकांनी ती उचलून धरली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तांबूस मेर्त्सेन हीच त्या उत्सवाची ओळख राहिली. आज तेथील तंबूंत मुख्यतः सोनेरी बिअर मिळते.

1874 मध्ये झेडलमायर यांनी कारभार तीन पुत्रांवर सोपवला. 1 ऑक्टोबर 1891 रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले. ब्रुअरीत पदार्पण केले तेव्हा बिअर चांगली उतरणे हा नशिबाचा भाग होता; निरोप घेतला तेव्हा तो मोजमापाचा विषय झाला होता. परीक्षक आज पेल्याला गुण देतात ते रंग, गंध आणि चव यांना. त्यातील प्रत्येक गुणामागे तापमापक, साखर मोजणारी नळी आणि थंड तळघर यांची एका माणसाने लावलेली शिस्त उभी आहे.