विश्लेषण : पेशींना ‘खूण’ करणारे फ्लुओरेसीन कोणी शोधले?

मधुमेही रुग्णाच्या डोळ्याची अँजिओग्राफी करताना शिरेतून एक पिवळसर द्रव्य टोचतात. ते फ्लुओरेसीन. प्रयोगशाळेत प्रथिनांना खूण करण्यासाठीही तेच वापरतात. पण त्याचे जनक अडॉल्फ फॉन बायर ओळखले जातात ते कृत्रिम निळीसाठी.

बायर कोण होते?

जन्म ३१ ऑक्टोबर १८३५, बर्लिन. हायडेलबर्गमध्ये ते बुन्सेन आणि केकुले यांच्याकडे शिकले. १८६० पासून बर्लिनच्या तंत्रशिक्षण संस्थेत १२ वर्षे शिकवले. पगार तुटपुंजा, पण प्रयोगशाळा प्रशस्त. औषधे बनवणाऱ्या बायर कंपनीशी त्यांचा संबंध नाही.

फ्लुओरेसीनचे वैशिष्ट्य काय?

१८७१ मध्ये बायर यांनी थॅलिक अनहायड्राइड आणि रेसॉर्सिनॉल यांच्यापासून ते बनवले. ते निळा प्रकाश शोषते आणि हिरवा बाहेर टाकते. कापड रंगवायला ते फारसे उपयोगी नव्हते. पण पाण्यात अत्यल्प असले तरी दिसते. १८७७ मध्ये जमिनीत गडप होणाऱ्या डॅन्यूबच्या पाण्यात ते मिसळले गेले. सुमारे अडीच दिवसांनी आख झऱ्याचे पाणी हिरवे झाले आणि भूमिगत वाट सिद्ध झाली.

मग ते पेशींपर्यंत कसे पोहोचले?

नुसते रंगद्रव्य प्रथिनाला कायमचे जोडले जात नाही. त्यासाठी त्याला रासायनिक ‘हात’ लावावा लागतो. अमेरिकेतील अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये फ्लुओरेसीनला आयसोसायनेट गट जोडून ते प्रतिपिंडांना चिकटवले. या प्रतिपिंडांनी उंदराच्या ऊतींतील न्यूमोकॉकस जिवाणूंचे अंश सूक्ष्मदर्शकाखाली उजळवून दाखवले. १९५८ मध्ये हाताळायला सोपे आयसोथायोसायनेट रूप आले. ते प्रथिनांतील अमाइन गटांना घट्ट धरते आणि आजही वापरात आहे.

नोबेल कशासाठी?

१८७५ मध्ये बायर म्युनिकला लीबिग यांच्या जागी प्राध्यापक झाले. १८८० मध्ये त्यांनी कृत्रिम नीळ बनवली, १८८३ मध्ये तिची रचना उलगडली. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीच्या शेतीला जबर फटका बसला. सेंद्रिय रंगद्रव्ये आणि हायड्रोअॅरोमॅटिक संयुगांवरील कामासाठी १९०५ चे नोबेल त्यांना मिळाले.

२० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. फ्लुओरेसीनने खूण केलेले पहिले प्रतिपिंड तयार व्हायला तेव्हा आणखी २५ वर्षे होती.